मदत हवी आहे: जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायचं इंजिन), वरच्या सिलिंडरला ओरखडे. एकच सिलिंडर बोअर करू (आतून कापून मोठा) की दोन्ही?

प्रश्नकर्ता

इंजिन 1980च्या दशकातलं, दोन सिलिंडरचं, 25 हॉर्सपॉवर. प्रत्येक सिलिंडरला वेगळा कार्ब्युरेटर. गेल्या मोसमापासून ओढ कमी झाली होती, गरम असताना बंद केलं की दोरी ओढून हात दुखले तरी चालू होत नसे. शेवटी काँप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघितलं (दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून): खालचा 118 पीएसआय, वरचा 82.

हेड काढलं. खालचा सिलिंडर गुळगुळीत आहे, जरा जास्तच, आरशासारखा. वरच्यात एग्झॉस्ट पोर्टच्या बाजूला उभे ओरखडे, त्यातले दोन नखाला लागतात. पिस्टनची त्याच बाजूची भिंत खरडली आहे आणि एक रिंग खाचेत रुतून बसली आहे. बीड लोखंडाची स्लीव्ह आहे, त्यामुळे बोअर करता येईल असं वाटतं.

होनिंगवर (दगडाने आतून हलकं घासण्यावर) भागेल का? नाहीतर एकाच सिलिंडरला ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा जरा मोठा) पिस्टन टाकला तर इंजिन थरथरेल का?

जुना फिटर

नखाला लागतंय म्हणजे होनिंगचा विषय संपला. तेवढं घासून काढायला गेलात तर बोअर मोठा आणि वाकडा होईल, पिस्टन मात्र जुन्याच मापाचा राहील.

पण आधी एक बघा. लोखंडावर जे उंचवटे दिसतात ते बरेचदा पिस्टनचं चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं. बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून हाताने घासा. काही जण त्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल लावतात. मी लावत नाही, कारण एक थेंब ब्लॉकच्या अ‍ॅल्युमिनियमवर ओघळला की नवीन दुखणं. लेप निघाल्यावर खाली चर उरले असतील तर बोअर करायचाच.

एकाच सिलिंडरला ओव्हरसाइज चालतो. नवा आणि जुना पिस्टन तराजूत टाकून बघा. वजन जवळपास सारखं भरलं तर थरथरीची काळजी नको.

प्रश्नकर्ता

घासलं. एक चर गेला, एक राहिला. बोअर गेजने वर-मध्ये-खाली, आडवं-उभं मोजलं: ओव्हॅलिटी (गोलाईतला फरक) 0.09 मिमी. खालच्या सिलिंडरसाठी गेज परत मागायची लाज वाटली.

जुना फिटर

मग 0.25 मिमीचा ओव्हरसाइज पुरेल की 0.50 लागेल ते चराच्या खोलीवर ठरेल. पिस्टन आधी हातात घ्या, मगच ब्लॉक मशिनशॉपला द्या. पिस्टनचं खरं माप घेऊन त्यावर क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंतीतली फट) धरून बोअर करतात, पाकिटावरच्या आकड्यावर नाही.

मोटरसायकलचं काम करणाऱ्यालाही एक गोष्ट बजावून सांगा: बोअर झाल्यावर पोर्टांच्या कडा सुरीसारख्या होतात. त्या हलक्या हाताने घासून बोथट करून घ्यायच्या. तसंच सोडलं तर नव्या रिंगा पहिल्याच फेरीत अडकून मोडतील. जोडताना रिंगेची टोकं खाचेतल्या पिनेवर बरोबर बसली आहेत ना बघा. टोक पोर्टात शिरू नये म्हणूनच ती पिन असते.

गेज नसलं तरी खालचा सिलिंडर मोजता येतो. एक रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकला, फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) रिंगेच्या टोकांमधली फट मोजा. वरच्या टोकाला एकदा, पोर्टच्या वर एकदा. फटीतला फरक भागिले 3.14 म्हणजे व्यासातला फरक.

खारं पाणी

मशिनशॉप वगैरे ठीक, पण वरचाच का गेला? ओरखडे फक्त एग्झॉस्टच्या बाजूला आहेत म्हणजे उष्णता किंवा तेल कमी. पिस्टनला चारही बाजूंनी खरचटलं असतं तर म्हटलं असतं, थंड इंजिन एकदम पळवलंत. वरच्या कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोलचं बारीक भोक), पाण्याच्या पंपाचा इंपेलर (आतलं पात्यांचं चाक), थर्मोस्टॅट आणि वरच्या सिलिंडरभोवतीची पाण्याची वाट बघितल्याशिवाय नवा पिस्टन टाकू नका. माझा एक असाच गेला, दुसऱ्या आठवड्यात.

प्रश्नकर्ता

खारं पाणी, तुम्हाला दंडवत. वॉटर जॅकेटचं झाकण काढायला तीन बोल्ट मोडले, पण आत वरच्या बाजूला मीठ आणि पांढरी भुकटी दगडासारखी बसली होती. इंपेलर चांगला होता, पाण्याची धारही मारत होता, म्हणून मी कधी संशयच घेतला नाही. जेटही अर्धा बुजलेला.

खालच्या सिलिंडरच्या फटीत फरक 0.12 मिमी, म्हणजे निमुळतेपणा 0.04च्या आसपास. त्याला चकाकी मोडण्यापुरतं होनिंग आणि नव्या रिंगा. वरच्याला 0.50चा पिस्टन मागवला आहे.

आता एवढंच सांगा: पुस्तकात तेलाचं प्रमाण 50:1 आहे (50 भाग पेट्रोलला 1 भाग तेल). रिंगा बसेपर्यंत 25:1 ठेवू ना? आणि पहिले काही तास एकाच वेगावर चालवू की कमी-जास्त करत?

जुना फिटर

25:1, पहिले 10 तास. वेग सतत बदलत ठेवा, पूर्ण थ्रॉटल क्षणभरच. थंड झाल्यावर हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्कने आवळा. आणि ते मोडलेले तीन बोल्ट काढलेत कसे, तेही लिहा. माझा एक अजून आतच आहे.