'टेलिव्हँजेलिस्ट' आणि 'रिलिजस राइट' : मराठीत काय म्हणावं?

प्रश्न :
१९८०च्या दशकातल्या अमेरिकेवरचा एक लेख मराठीत आणते आहे. 'टेलिव्हँजेलिस्ट'साठी 'दूरचित्रवाणी धर्मोपदेशक' लिहिलं, पण ते वाचताना जीभ अडखळते. आणि 'रिलिजस राइट'चं 'धार्मिक हक्क' झालेलं मी एका मसुद्यात पाहिलं. इथे 'राइट' म्हणजे राजकारणातले उजवे, त्यामुळे सगळा परिच्छेदच उलटा झाला होता. तुम्ही काय लिहाल?

उत्तर :
ताई, पहिल्यासाठी नवा शब्द घडवायला नको. आमच्या नगरकडच्या मंडळीत 'सुवार्तिक' हा रोजचा शब्द आहे. मराठी बायबलात, प्रेषितांच्या कृत्यांत, फिलिप्प हा सुवार्तिकच आहे. सुवार्ता म्हणजे चांगली बातमी, आणि इंग्रजी 'इव्हँजेलिस्ट'च्या ग्रीक मुळाचा अर्थही नेमका तोच. उपदेशक जमलेल्यांना शिकवतो, सुवार्तिक बाहेरच्याला हाक मारतो. तेव्हा 'टीव्ही-सुवार्तिक' म्हणा. जाता जाता, लेखात 'बॉर्न अगेन' (ख्रिस्तावरच्या श्रद्धेने नव्याने जगू लागलेले) आलं तर 'पुनर्जन्म' मुळीच लिहू नका, 'नवा जन्म पावलेले' लिहा.

यातला 'टीव्ही' मात्र वाचकाला उलगडून सांगा. आधी अमेरिकेतल्या वाहिन्या मोठ्या, प्रस्थापित चर्चना फुकट वेळ देत. १९६० साली प्रसारणाच्या सरकारी नियामकाने विकत दिलेल्या वेळेतले धार्मिक कार्यक्रमही लोकसेवेत धरायला मान्यता दिली. मग फुकट वेळ कोण देणार? ज्याच्या हाती पैसा, त्याचा पडदा. तो पैसा यायचा प्रेक्षकांकडून. टीव्ही-सुवार्तिक पॅट रॉबर्टसन यांच्या 'द ७०० क्लब' या कार्यक्रमाचं नावच पाहा. १९६३ साली त्यांनी महिना १० डॉलर देणारे ७०० प्रेक्षक मागितले, कारण वाहिनीचा खर्च महिना ७,००० डॉलर होता. सुवार्ता आणि मागणं एकाच तोंडून येऊ लागलं. माझ्या मते घसरणीचं बीज तिथेच आहे. १९८७ साली दुसरे टीव्ही-सुवार्तिक ओरल रॉबर्ट्स यांनी सांगितलं, ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव मला बोलावून घेईल. त्याच वर्षी तिसरे, जिम बेकर, आपल्या टीव्ही-संस्थेच्या प्रमुखपदावरून पायउतार झाले. पुढच्या फेब्रुवारीत चौथे, जिमी स्वॅगर्ट, हजारोंसमोर रडत 'मी पाप केलं' म्हणाले. श्रद्धेने पैसे पाठवणाऱ्या म्हाताऱ्यांचा विचार आला की मला आजही वाईट वाटतं.

आणखी एक उत्तर :
'उजवे'बद्दल थोडं. फ्रेंच क्रांतीच्या वेळी सभेत अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसणारे ते उजवे. पण आमच्या कोकणात देवाने उजवा कौल दिला म्हणजे काम होणार. 'हा त्याच्याहून उजवा' म्हणजे सरस. त्यामुळे नुसतं 'धार्मिक उजवे' वाचून माझ्या आईला ती स्तुती वाटली होती. 'ख्रिस्ती उजवी चळवळ' लिहा, गोंधळ राहत नाही. टीव्हीवरचेच धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांच्या 'मॉरल मेजॉरिटी' या राजकीय संघटनेलाही (१९७९) 'नैतिक बहुमत' नको. बहुमत मोजतात, इथे माणसं अभिप्रेत आहेत : 'नीतिमान बहुसंख्य'. ती संघटना १९८९ साली गुंडाळली, पण तेवढ्यावरून चळवळ संपली असं लिहू नका. रॉबर्टसन १९८८च्या अध्यक्षीय उमेदवारीच्या शर्यतीत हरले आणि त्यांनी १९८९ साली 'ख्रिश्चन कोअ‍ॅलिशन' ही संघटना काढली. तिने शाळा मंडळांच्या निवडणुकांपासून माणसं उभी केली. पडद्यावरचे चेहरे उतरले, मतदारयाद्या राहिल्या.

प्रश्नकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार. 'टीव्ही-सुवार्तिक' आणि 'ख्रिस्ती उजवी चळवळ' पक्कं केलं. एकच राहिलं. बेकर यांनी हजार डॉलर घेऊन लोकांना 'लाइफटाइम पार्टनर' केलं, त्यांच्या 'हेरिटेज यूएसए' या ख्रिस्ती करमणूक-उद्यानातल्या हॉटेलात दरवर्षी तीन रात्री राहण्याच्या बोलीवर. खोल्या थोड्या, पैसे घेतले भरमसाट लोकांकडून. १९८९ साली ते फसवणुकीत दोषी ठरले ते यावरूनच. 'भागीदार' लिहिलं तर नफ्यातला वाटा वाटतो, 'देणगीदार' लिहिलं तर खोलीची बोलीच पुसली जाते.

उत्तर :
ताई, आपल्या वाचनालयांत आणि शिक्षणसंस्थांत एकरकमी पैसे भरणाऱ्याला म्हणतात तेच लिहा : 'आजीव सभासद'.