व्हेराक्रिप्ट नवीन टाकलं अन् जुनी फाईल उघडंना

दुधनाकाठची (परतूर)

नमस्कार. परतूरला तहसीलजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. कॉम्प्युटर वापरण्यापुरता येतो, आतलं काही कळत नाही. तेव्हा सोप्या भाषेत सांगा.

२०१३ ला दुकानात एक पोरगा कामाला होता. हुशार. त्यानं कॉम्प्युटरवर 'दुकान_जुने' नावाची एक फाईल करून दिली होती. ट्रूक्रिप्ट नावाच्या, फायलींना कुलूप लावायच्या प्रोग्रॅममध्ये पासवर्ड टाकला की ती झेड नावाची ड्राइव्ह होऊन उघडायची, काम झालं की बंद. आत काय नाही! सासऱ्यांनी जमवलेली खासरा पत्रकं, निजामाच्या काळातले उर्दू कागद, आमच्या भावकीचं वाटणीपत्र, उधारीची वही. २०२३ ला लोक कुणबी नोंदी शोधत हिंडायला लागले तेव्हा ह्याच झेडमधनं मी कितीजणांना त्यांच्या पणजोबाचा कागद काढून दिला. पोरगा पुण्याला गेला, नंबर बदलला, आता पत्ता नाही.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी लाईट तीनदा गेली-आली आणि जुन्या डब्याचा एसएमपीएस जळाला. विंडोज ७ होतं त्यात. मेकॅनिक म्हणाला, ह्यात आता पैसे घालू नका. नवीन घेतला, विंडोज ११ वाला. हार्डडिस्क शाबूत होती. साडेतीन जीबीची ती फाईल नीट कॉपी झाली, पेनड्राइव्हवर पण ठेवली. भाचा म्हणाला, "मावशी, ट्रूक्रिप्ट कवाच बंद पडलं, आता व्हेराक्रिप्ट वापरतात, त्यातलं सगळ्यात नवीन टाक."

टाकलं. पासवर्ड दिला तर भली मोठी पाटी आली. पासवर्ड चूक असंल, नाहीतर पीआयएम चूक, नाहीतर हॅश चूक, नाहीतर ही व्हॉल्यूमच नाही.

पासवर्ड चूक कसा असंल? बारा वर्षं टाकतेय, बोटं आपोआप जातात. पण त्या पाटीनं मलाच माझ्यावर शंका यायला लागली. परवा रात्री दोनला उठून कागदावर लिहून बघितला. मालक म्हणतात, झोप आता.

गूगलवर शोधलं तर पहिल्याच ओळीत एकजण ३,९९९ रुपयांत पासवर्ड काढून देतो म्हणतोय. फाईल आणि आठवतंय तेवढा पासवर्ड पाठवा म्हणतो. पाठवू का?

मांजराकाठ (लातूर)

ताई, काहीही पाठवू नका. फाईल आणि पासवर्ड दोन्ही एकाच माणसाला द्यायचं म्हणजे कपाट आणि किल्ली सोबतच. वर ३,९९९ पण आपलेच.

पेनड्राइव्हवरची प्रत बाजूला काढून ठेवा, तिला हात लावू नका. बाकी मास्तर सांगतील, ते रात्री येतात.

नांदेडकर_मास्तर

आलो. ताई, तुमचा पासवर्ड बरोबर असणार. चूक आवृत्तीची आहे. खरं तर चूक कुणाचीच नाही.

ट्रूक्रिप्टची शेवटची पूर्ण आवृत्ती ७.१ए, फेब्रुवारी २०१२ ची. तुमच्या पोरानं तीच टाकली असणार. २८ मे २०१४ ला ट्रूक्रिप्टवाल्यांनी अचानक पाटी लावली की हे वापरणं सुरक्षित नाही, आणि ७.२ काढली. तिच्यात जुनं फक्त उघडता येतं, नवीन करता येत नाही. बनवणारे कोण होते ते त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं. पुढं २०१५ ला त्या कोडचं ऑडिट पूर्ण झालं, त्यात मुद्दाम ठेवलेलं चोरदार सापडलं नाही. पण तोवर लोक पांगले होते.

व्हेराक्रिप्ट त्याआधीच, २०१३ मध्ये, ट्रूक्रिप्टचाच कोड घेऊन निघालं होतं. त्यात कितीतरी वर्षं 'ट्रूक्रिप्ट मोड' नावाचा एक चौकोन होता. त्यावर टिक केलं की जुन्या फायली उघडायच्या. ऑक्टोबर २०२३ ला १.२६.७ आली आणि तो चौकोन काढून टाकला. सोबत रायपएमडी-१६० हा जुना हॅशही (म्हणजे पासवर्डवरून किल्ली बनवायची एक रीत) काढला, आणि ट्रूक्रिप्टमध्ये कुणी काही न बदलता फाईल केली तर नेमका तोच लागायचा. म्हणजे तुमच्या फाईलीचे दोन्ही दरवाजे एकाच दिवशी बंद झाले. हे नव्या आवृत्तीच्या टिपणात स्पष्ट लिहिलंय. वाचतं कोण, हा भाग वेगळा.

आता ती पाटी 'पासवर्ड चूक' का म्हणते? मला ह्यातली गंमत आवडते म्हणून लांबण लावतो. अशी फाईल बाहेरून निव्वळ कचरा दिसते, कुठल्या प्रोग्रॅमची आहे याची खूणसुद्धा तिच्यावर नसते. प्रोग्रॅम तुमचा पासवर्ड घेतो, त्याच्यावर हजारो वेळा तीच क्रिया करून किल्ली बनवतो, तिनं सुरुवातीचा तुकडा उलगडतो आणि तिथं चार अक्षरं शोधतो. ट्रूक्रिप्टच्या फाईलीत तिथं 'ट्रू' हा चार अक्षरी इंग्रजी शब्द असतो, व्हेराक्रिप्टच्या फाईलीत 'व्हेरा'. शब्द सापडला तर पासवर्ड बरोबर. नाही सापडला तर कारण काय, हे प्रोग्रॅमलाही कळायला मार्ग नाही. पासवर्ड चुकला की फाईलच दुसऱ्या जातीची आहे, दोन्हीकडं कचराच दिसतो. म्हणून तो बिचारा सगळ्या शक्यता एका पाटीवर लिहून मोकळा होतो.

पीआयएम म्हणजे ती क्रिया किती वेळा करायची याचा आकडा. तुमच्या फाईलीला तो नाहीच, विसरून जा.

करायचं असं. व्हेराक्रिप्ट १.२५.९ घ्या, फेब्रुवारी २०२२ ची. ट्रूक्रिप्ट उघडणारी ती शेवटची. नवीन आवृत्ती ज्यावर टाकलीय त्या कॉम्प्युटरवर नको, दोघींचे ड्रायव्हर एकमेकींत अडकतात. भाच्याचा लॅपटॉप घ्या. पासवर्डच्या खिडकीत 'ट्रूक्रिप्ट मोड'वर टिक करा आणि मग पासवर्ड टाका.

बिंदुसरा (बीड)

मास्तर, राग मानू नका, पण म्हणूनच मी म्हणतो चाललंय ते चालू द्या. बारा वर्षं ताईंची फाईल उघडत होती. अपडेट केलं अन् बसली.

ओपन सोर्सवाले, म्हणजे कोड सगळ्यांना उघडा ठेवणारे, सारखं म्हणतात, कोड हजार लोक बघतात. मग २०२४ ला एक्सझेडमध्ये, त्या फायली दाबून लहान करायच्या प्रोग्रॅममध्ये, काय झालं? एक माणूस दोन-तीन वर्षं गोड बोलून कोड देत राहिला, देखभाल हातात घेतली आणि ५.६.० अन् ५.६.१ मध्ये चोरदार बसवलं. नवीन आवृत्ती घेणाराच फसला. जुनं वापरणारे निवांत.

नांदेडकर_मास्तर

राग कशाला. तुमचं म्हणणं अर्धं मी स्वतःच वर्गात सांगतो. २०१४ च्या हार्टब्लीडमध्येही तेच झालं होतं. वेबसाईटशी होणारं बोलणं कुलूपबंद ठेवणाऱ्या ओपनएसएसएलच्या १.०.१ पासूनच्या आवृत्त्यांत भोक होतं, त्याहून जुनी वापरणारे वाचले.

पण एक्सझेडचं पुढं काय झालं ते पण सांगा की. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका डेटाबेसवाल्या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला (लांबच्या कॉम्प्युटरवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. अर्धा सेकंद! आपलं झेरॉक्सचं मशीन तापायला त्याहून जास्त वेळ घेतं. तो मागं लागला आणि २९ मार्च २०२४ ला त्यानं सगळं जाहीर केलं. कोड उघडा होता म्हणून त्याला मुळापर्यंत जाता आलं. तोवर डेबियन ह्या लिनक्समध्ये ते चाचणीच्या फांद्यांपर्यंतच पोचलं होतं, स्टेबलमध्ये, म्हणजे तपासून पक्क्या केलेल्या आवृत्तीत, आलंच नव्हतं. म्हणून मी स्टेबल वापरतो. पहिल्या दिवशी उडी मारायची नाही, पण बारा वर्षं बसूनही राहायचं नाही.

आता तुम्हाला एक विचारतो. दुकानात झिप फायली उघडायची सेव्हन-झिप कोणती आहे?

बिंदुसरा (बीड)

बघतो. १९.००. २०१९ ची दिसते. चालते की मस्त.

नांदेडकर_मास्तर

चालणारच. सेव्हन-झिप स्वतःहून कधी अपडेट होत नाही आणि कधी विचारतही नाही. नेटवरून आलेल्या फाईलीवर विंडोज एक शिक्का मारतं, म्हणून उघडताना 'खात्री आहे का' असं विचारतं. २४.०९ च्या आधीच्या सेव्हन-झिपमध्ये झिपच्या आत झिप असली की आतल्या फाईलीवरचा तो शिक्का गळून जायचा. युक्रेनमधल्या लोकांवर हल्ला करताना हे भोक खरंच वापरलं गेलंय. तुमच्याकडं दिवसाला किती झिपा येतात? पीकविम्याच्या गर्दीत तर विचारूच नका, लोक व्हॉट्सअ‍ॅपवरून ढकलतात आणि आपण डोळे झाकून उघडतो.

इथं जुनं ठेवून वाचत नाही कुणी. प्रत्येक गोष्टीचा हिशेब वेगळा आहे दादा.

बिंदुसरा (बीड)

टाकतो. पण बाकीचं नाही बदलणार.

दुधनाकाठची (परतूर)

मास्तर, तुमचं वाचून रडू आलं, खरंच. पासवर्ड बरोबर आहे एवढं कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं.

आता १.२५.९ कुठनं घेऊ? शोधलं तर वरती दोन-तीन जाहिराती येतायत, सगळ्यांवर डाऊनलोडचं हिरवं बटण.

खामनदी (छत्रपती संभाजीनगर)

जाहिरातीवर अजिबात नको. २०२३ च्या ऑक्टोबरात कीपास ह्या पासवर्डच्या प्रोग्रॅमची खोटी जाहिरात गूगलवर सगळ्यात वर होती. पत्ता हुबेहूब खऱ्यासारखा, फक्त इंग्रजी के च्या खाली एक बारीक खूण. आपल्याकडं अनुस्वार राहिला की मास्तर लाल शाई लावतात, तिथं एक टिंब जास्तीचं होतं आणि कुणाला दिसेना. मी स्वतः तो स्क्रीनशॉट बघितला तेव्हा आधी काचेवरची धूळ समजून पुसलं.

व्हेराक्रिप्टच्या खऱ्या साईटवर डाऊनलोडच्या पानावरून जुन्या आवृत्त्यांकडं जायची लिंक आहे, तिथनं घ्या. उतरल्यावर फाईलीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर. १.२५.९ वर 'इड्रिक्स' हे बनवणाऱ्या कंपनीचं नाव दिसलं पाहिजे. तो टॅबच नसला तर फाईल उडवून टाका.

आणि एक, विचारलं नाही तरी सांगतो. त्या फाईलीत गिऱ्हाइकांची आधार कार्डं असतील तर नव्या फाईलीत नेऊ नका. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, गावात ते कुणाला माहीत नसतं? काम झालं की पुसायचं.

दुधनाकाठची (परतूर)

उघडली!

काल भाचा जालन्याहून लॅपटॉप घेऊन आला. इड्रिक्स बघितलं, होतं. टिक केलं, पासवर्ड टाकला, हात थरथरत होता, पहिल्यांदा खरंच चुकला. दुसऱ्यांदा झेड आली. सासऱ्यांचे उर्दू कागद जसेच्या तसे. मालकांनी लगेच वाटणीपत्राच्या तीन झेरॉक्स काढल्या, म्हणे आता कागदावरच भरवसा.

मग नवीन कॉम्प्युटरवर नवीन आवृत्तीत नवीन फाईल केली आणि सगळं त्यात घातलं. आधार कार्डं नाही घातली. खामनदी दादा, चारशेच्या वर निघाली हो. मलाच लाज वाटली. ज्यांची होती त्यातले काही वारले पण.

एक शंका. नवीन फाईल उघडायला जुनीपेक्षा वेळ लागतो. जुनी चटकन उघडायची. काही बिघडलं का?

नांदेडकर_मास्तर

बिघडलं नाही, तोच तर फायदा. मघाशी म्हणालो ना, पासवर्डवर तीच क्रिया पुन्हा पुन्हा करतात. ट्रूक्रिप्ट ती १,००० किंवा २,००० वेळा करायचं. व्हेराक्रिप्ट नेहमीच्या फाईलीला ५,००,००० वेळा करतं. तुम्हाला एकदाच थांबायचंय, चोराला प्रत्येक अंदाजाला थांबावं लागतं.

जुनी फाईल पेनड्राइव्हवर महिनाभर राहू द्या. आणि १.२५.९ ची ती इन्स्टॉल करायची फाईल त्याच पेनड्राइव्हवर ठेवा, दोघी जोडीनं. पुढच्या वेळी नवीन आवृत्ती आली की 'नवीन काय' हे सोडून 'काढलं काय' तेवढं वाचा. भाच्याकडनं वाचून घ्या, इंग्रजीतच असतं.

मांजराकाठ (लातूर)

ताई, ते ३,९९९ वाचले त्यातनं मास्तरांना चहा पाजा.

दुधनाकाठची (परतूर)

परतूरला आले की चहाच काय, हुरडा पण. हंगामात या फक्त.

उधारीची वही बघत बसले होते आज दुपारी. एकाकडं २०१४ चे ३४० रुपये येणं निघालं, इलेक्शनच्या पत्रकांच्या झेरॉक्सचे. तवा तो पडला होता. आता सरपंच आहे. रोज दुकानासमोरनं जातो, "काय वहिनी" म्हणून हात करतो. उद्या थांबवते.