घरच्या कलमांवरील आंबे नेमके केव्हा आणि कसे उतरवावेत?

अंगणातले कलम :

नमस्कार. घरामागच्या मोकळ्या जागेत हापूसचे एक आणि केसरचे एक अशी दोन कलमे आहेत. दोन्ही आता चांगली फळाला आलेली आहेत. खतपाणी कसे द्यावे, मोहोरावरील तुडतुडे आणि भुरी यांचा बंदोबस्त कसा करावा, याविषयी माहिती भरपूर मिळते. माझी अडचण त्यापुढची आहे. फळ पुरते पोसले आहे की अजून थांबायला हवे, हे झाडाखाली उभे राहून कसे ओळखावे? एकाच दिवशी उतरवलेल्या फळांपैकी काही उत्तम पिकतात, काहींची साल सुरकुतते आणि गर आंबटच राहतो, तर हापूसच्या काही फळांत बाहेरून कोणतीही खूण न दिसता आत पांढरट, चिवट साका निघतो.

फळे झाडावरच पिकू द्यावीत असा एक सल्ला मिळतो, पण तसे केल्यास पाखरे, वटवाघळे आणि फळमाशी यांच्या तावडीतून फारसे काही उरत नाही. बागायतदारांप्रमाणे फळे बाजारात पाठवायची नसल्यामुळे मला घाई नाही. प्रत्येक फळ त्याच्या खऱ्या चवीला यावे, एवढीच इच्छा आहे. पक्वतेची खात्रीची लक्षणे, उतरवण्याची रीत आणि घरी पिकवण्याची पद्धत यांविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

चौदा आणे :

आपल्या प्रश्नातच उत्तराचे एक टोक आहे. ‘एकाच दिवशी उतरवलेल्या फळांपैकी’ असे आपण लिहिले आहे, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथेच होतो. आंब्याला मोहोर एकदम येत नाही. बहुतेक झाडांवर तो दोन किंवा तीन टप्प्यांत फुटतो आणि एकाच झाडावर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने धरलेली फळे शेजारीशेजारी लोंबत असतात. ती सगळी एका दिवसात उतरवली, तर त्यांतली काही कोवळी असणार आणि काही तयार असणार, हे उघडच आहे. बागायतदाराला मजुरी आणि वाहतूक यांचा हिशेब पाहून तोडणी आटोपती घ्यावी लागते. आपल्याला ती सक्ती नाही. म्हणून परसातल्या झाडाची तोडणी नेहमी तीन-चार फेऱ्यांत करावी.

यासाठी सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट फार साधी आहे. फळे वाटाण्याएवढी झाली की त्या त्या टप्प्यातल्या घोसांच्या देठांना वेगवेगळ्या रंगांच्या सुतळ्या सैलसर बांधाव्यात आणि त्या दिवसाची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या रंगासह लिहून ठेवावी. हापूससारख्या जातीला फळधारणेपासून तयार होण्यास साधारण ११० ते १२० दिवस लागतात. उन्हाचा तडाखा जास्त असेल तर काही दिवस कमी लागतात, हवा थंड राहिली तर अधिक. केसरचे आणि इतर जातींचे वेळापत्रक थोडेफार वेगळे असते, त्यामुळे दोन्ही कलमांची नोंद स्वतंत्र ठेवावी. दिवसांचा हिशेब अंतिम निर्णयासाठी नसतो. कोणत्या फळांकडे केव्हापासून बारकाईने पाहायला लागायचे, एवढेच तो सांगतो.

त्यानंतर फळाकडे पाहावे. कोवळ्या कैरीत देठ सर्वांत वर असतो आणि फळाचे खांदे त्याच्या खाली उतरते असतात. फळ पोसत जाते तसे खांदे भरून वर येतात, देठाच्या पातळीला येतात आणि नंतर देठापेक्षा वर चढून देठाभोवती लहानसा खळगा तयार होतो. हे लक्षण मला सर्वांत भरवशाचे वाटते, कारण ते सावलीतल्या आणि उन्हातल्या फळांत सारखेच दिसते. रंगाचे तसे नाही. गर्द हिरव्या सालीवर फिकी, किंचित पिवळसर झाक येणे हे पक्वतेचे चिन्ह खरे, परंतु बाहेरच्या फांदीवरच्या फळाला उन्हामुळे रंग लवकर चढतो आणि पानांच्या आड वाढलेले फळ तयार होऊनही हिरवेगार राहते. सालीवरचे बारीक ठिपके स्पष्ट आणि विरळ दिसू लागणे, तसेच सालीवर पांढुरकी लव धरणे, ही दोन लक्षणे खांद्यांच्या जोडीने पाहावीत.

तरीही शंका राहिली, तर त्या टप्प्यातले एक फळ कापून पाहण्यात कंजुषी करू नये. कोय टणक झालेली असावी आणि तिच्यालगतचा गर पांढरा न राहता पिवळट झालेला असावा. सुरी कोयीतून सहज गेली, तर त्या रंगाच्या सुतळीची बाकीची फळे आणखी आठ-दहा दिवस तशीच राहू द्यावीत. दुसरी चाचणी पाण्याची आहे: पुरते पोसलेले फळ पाण्यात बुडते, कोवळे तरंगते.

झाडावर पाड लागण्याची, म्हणजे एखाददुसरे फळ आपोआप पिकून खाली पडण्याची वाट पाहणे ही जुनी रीत आहे आणि ती चुकीची नाही. मात्र पहिला पाड हा पहिल्या मोहोराच्या फळांचा असतो. तो पडला म्हणजे सगळे झाड तयार झाले, असे समजू नये.

माती आणि मोहोर :

वरील प्रतिसाद उत्तम आहे. एका बाबतीत मात्र थोडी पुस्ती जोडतो. पाण्याची चाचणी तोडलेल्या फळावरच करता येते, त्यामुळे सगळी फळे काढून मग बुडवून पाहण्यात अर्थ नाही. तरंगणारे फळ परत झाडाला लावता येत नाही. प्रत्येक टप्प्यातली दोन-तीन फळे नमुन्यादाखल काढून ती पाहावीत. शिवाय हापूसच्या बाबतीत फार थांबणेही घातक असते, आणि आपल्या साक्याच्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे.

साका हा रोग नाही. त्यामागे बुरशी किंवा कीड नसते. फळ पक्व होत असताना कोयीभोवतालच्या गरात पिष्टाचे साखरेत रूपांतर नीट होत नाही आणि तो भाग पांढरट, आंबट आणि पोकळ्या धरलेला राहतो. जमिनीतून परावर्तित होणारी उष्णता हे त्याचे एक मान्य कारण आहे. फळ झाडावर जास्त दिवस राहिल्यावर आतले बी रुजण्याच्या तयारीला लागते आणि त्याचा ताण गरावर येतो, हेही कारण अभ्यासातून पुढे आले आहे. दोन्ही कारणांचा व्यवहारातला अर्थ एकच: हापूस झाडावर पिकू देऊ नये, चौदा आणे तयार झाला, म्हणजे साधारण ८५ टक्के पक्व झाला, की उतरवावा. केसरमध्ये ही अडचण हापूसइतकी येत नाही, त्यामुळे त्याला आणखी थोडे थांबले तरी चालते.

झाडाखालची जमीन उघडी आणि तापलेली राहू देऊ नका. फळे अंड्याएवढी झाल्यापासून तोडणी होईपर्यंत बुंध्यापासून फांद्यांच्या टोकांखालच्या भागापर्यंत वाळलेले गवत किंवा पालापाचोळा जाडसर पसरून ठेवावा. अंगणात फरशी किंवा सिमेंट असेल आणि फळे त्याच्यावर लोंबत असतील, तर तिथे आच्छादनाची गरज जास्तच आहे. पाण्याचे वेळापत्रकही महत्त्वाचे असते. फळे वाटाणा ते सुपारीएवढी असताना पंधरा दिवसांच्या अंतराने तीन वेळा, मोठ्या झाडाला १५० ते २०० लिटर पाणी दिल्याने फळगळ कमी होते आणि फळ चांगले पोसते. तोडणीच्या महिनाभर आधी मात्र पाणी बंद करावे, नाहीतर फळ पाणचट होते आणि टिकत नाही.

तिसरा उपाय घरच्या झाडाला अगदी सोयीचा आहे. फळ अंड्याएवढे झाले की त्याला २५ × २० सेंटिमीटर आकाराची कागदी पिशवी घालून तोंड देठाशी बांधावे. वर्तमानपत्राच्या घडीची पिशवीही चालते. हजारो फळांना पिशव्या घालणे बागायतदाराला जिकिरीचे जाते, पण परसातल्या हाताशी येणाऱ्या फळांना ते एका सकाळचे काम आहे. यामुळे फळमाशी अंडी घालू शकत नाही, सालीवर डाग पडत नाहीत आणि साक्याचे प्रमाणही कमी होते. पिशवीतले फळ उजळ रंगाचे होते, म्हणून अशा फळांची पक्वता रंगावरून मुळीच ठरवू नये. पिशवी किंचित वर सरकवून खांदे पाहावेत.

पुढे कधी आणखी एखादे कलम लावण्याचा विचार असेल, तर नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तयार झालेली रत्ना जरूर लावावी. फळ मोठे असते आणि त्यात साका होत नाही.

अंगणातले कलम :

दोघांचेही मनापासून आभार. सुतळीची नोंद आणि पिशव्या या दोन्ही गोष्टी या हंगामापासूनच सुरू करतो. प्रत्यक्ष उतरवताना फळावर चीक ओघळून काळे डाग पडतात आणि पुढे तिथूनच फळ सडते, याला काय करावे? आणि पिकवण्यासाठी आढीच घालावी लागते, की टोपलीत ठेवूनही चालते?

झेला आणि आढी :

चिकाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, म्हणून आपण तो प्रश्न विचारला याचे बरे वाटले. फळ देठापासून तुटले की पहिल्या काही क्षणांत चीक जोराने उडतो आणि हाच पहिला चीक सर्वांत दाहक असतो. तो सालीवर पडला की तिथे भाजल्यासारखा डाग उमटतो. म्हणून फळ ओढून किंवा पिळून कधीही काढू नये. कात्रीने किंवा पाते लावलेल्या झेल्याने (लांब काठीच्या टोकाला फळ झेलणारी जाळी असलेल्या साधनाने) दोन ते तीन सेंटिमीटर देठ ठेवून कापावे. एवढा देठ राहिला तर चीक फारसा वाहत नाही, आणि देठाच्या बाजूने बुरशीला आत शिरायलाही वाव मिळत नाही. चुकून देठ मुळापासून निघालाच, तर ते फळ लगेच देठाची बाजू खाली करून सावलीत जाळीवर किंवा गवतावर पालथे ठेवावे, चीक पूर्ण निथळू द्यावा आणि मगच स्वच्छ पाण्याने धुवावे. आंबा काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातला आहे. कातडी नाजूक असणाऱ्यांना या चिकाने पुरळ उठतो, तेव्हा हातमोजे घालावेत आणि फळाच्या अगदी खाली उभे राहून वर पाहत तोडणी करू नये.

काठी मारून किंवा फांदी हलवून पाडलेले फळ त्याच दिवशी खाण्याच्या कैरीसाठी ठीक आहे, पिकवण्यासाठी नाही. जमिनीवर आपटलेल्या फळाला बाहेरून काही दिसले नाही तरी आत मार बसलेला असतो आणि आढीत ते आधी सडते, शेजारच्या फळांनाही घेऊन जाते. तोडणी सकाळी दव ओसरल्यावर आणि ऊन तापण्याआधी करावी. पाऊस पडून गेला असेल, तर फळे कोरडी होईपर्यंत थांबावे.

करपा हा आंब्याचा छुपा शत्रू आहे: बुरशी कोवळ्या फळातच शिरून बसते आणि फळ पिकू लागले की काळ्या डागांच्या रूपाने वर येते. घरगुती प्रमाणात यावर गरम पाण्याचा उपाय चांगला आहे. ५० ते ५२ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात फळे पाच ते दहा मिनिटे बुडवून ठेवावीत, मग बाहेर काढून गार करावीत आणि पूर्ण कोरडी करावीत. तापमापकाशिवाय हा प्रयोग करू नये, कारण याहून गरम पाण्याने साल भाजते.

आता आढीविषयी. पेटीत किंवा रुंद टोपलीत भाताचे कोरडे, वास नसलेले काड अंथरून त्यावर फळे एकमेकांना न चिकटतील अशी मांडावीत, वर पुन्हा काडाचा थर द्यावा आणि दोनपेक्षा जास्त थर करू नयेत. जागा हवेशीर आणि सावलीची असावी. आंब्याला पिकण्यासाठी २० ते २५ अंश तापमान सर्वांत मानवते. खोली फार तापत असेल तर फळ वरून मऊ पडते, पण रंग आणि स्वाद पुरता चढत नाही. काड नसेल तर कागदाच्या तुकड्यांतही फळे ठेवता येतात. महत्त्व काडाला नसून फळाला मिळणाऱ्या संथ, समान उबेला आणि खेळत्या हवेला आहे. चौदा आणे तयार हापूस साधारण आठ ते बारा दिवसांत पिकतो. या काळात एक दिवसाआड आढी तपासून मऊ पडलेली किंवा डागी फळे बाजूला काढावीत.

घाई असेल तर आढीत दोन-तीन पिकलेली केळी ठेवावीत. त्यांतून बाहेर पडणाऱ्या इथिलीन वायूमुळे आंबे लवकर आणि एकसारखे पिकतात. कॅल्शियम कार्बाइडला घरात अजिबात थारा देऊ नये. त्यातून निघणाऱ्या ॲसिटिलीनमुळे साल पिवळी होते, गर कच्चाच राहतो, आणि त्या भुकटीत आर्सेनिक आणि फॉस्फरस यांचे अंश असतात. न पिकलेले फळ फ्रिजमध्येही ठेवू नये. साधारण १२ अंशांखाली आंब्याला थंडीची इजा होते आणि ते फळ बाहेर काढल्यावरही नीट पिकत नाही. पूर्ण पिकल्यावर मात्र काही दिवस फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही.

चौदा आणे :

पिशव्यांच्या आणि झेल्याच्या चर्चेवरून एक गोष्ट सुचली. हे सगळे हाताशी येणाऱ्या फळांनाच शक्य आहे, आणि कलम एकदा उंच गेले की निम्मी फळे आवाक्याबाहेर जातात. म्हणून शेवटची फेरी आटोपताच, लांबणीवर न टाकता, छाटणी करावी. सरळ वर धावणारा मधला शेंडा एखाद्या आडव्या फांदीच्या जोडावर कापावा, आत वाढून एकमेकींवर घासणाऱ्या आणि वाळलेल्या फांद्या काढून टाकाव्यात आणि झाडाच्या मध्यभागी ऊन पोहोचेल असे पाहावे. आंब्याला मोहोर येतो तो जून झालेल्या फांदीच्या टोकाला; छाटणी उशिरा केली तर नवी पालवी मोहोराच्या वेळेपर्यंत कोवळीच राहते आणि त्या फांद्यांवरचे पुढचे पीक हातचे जाते. जाड फांदी एकदम न काढता दोन-तीन हंगामांत विभागून काढावी आणि प्रत्येक कापावर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावावी.