वैयक्तिक माहिती फुटल्यावर तुम्ही काय केलंत? भरपाई मिळाली का?

पाऊलवाट

ज्या कंपनीची सेवा मी बरीच वर्षं वापरते, तिच्याकडून अलीकडे पत्र आलं. माझं नाव, जन्मतारीख, पत्ता, फोन नंबर आणि ओळखपत्राची प्रत त्यांच्याकडून बाहेर गेली आहे. पत्रात दिलगिरी आहे आणि 'सतर्क राहा' असा सल्ला आहे. सतर्क राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुठेच नाही.

ज्यांच्यावर ही वेळ येऊन गेली त्यांनी इथे लिहावं, ही विनंती. सुरुवातीच्या दिवसांत काय केलंत, त्यातलं खरंच कामाला काय आलं, आणि भरपाई मागितली असेल तर काय झालं? नकार मिळाला असेल तर तोही सांगा. कंपन्यांची नावं नकोत, अनुभव हवेत.

निळी शाई

माझ्या वडिलांच्या बाबतीत घडलेलं सांगते. त्यांच्या फोन कंपनीकडून ग्राहकांची माहिती फुटल्याची बातमी आम्ही वाचली होती. काही आठवड्यांनी एका संध्याकाळी त्यांच्या फोनचं नेटवर्क गेलं. घरातले बाकीचे फोन, त्याच कंपनीचे, व्यवस्थित चालू होते, म्हणून शंका आली. कोणीतरी त्यांची जन्मतारीख आणि पत्ता सांगून त्यांच्याच नंबरचं दुसरं सिम चालू करून घेतलं होतं. बँकेचे ओटीपी आता त्या माणसाकडे जात होते.

मी माझ्या फोनवरून आधी बँकेला फोन केला आणि खातं गोठवायला सांगितलं. फोन कंपनी त्यानंतर. हा क्रम मला आजही महत्त्वाचा वाटतो, कारण सिम परत मिळायला वेळ लागतो आणि तेवढ्यात खातं रिकामं होऊ शकतं. प्रत्येक फोननंतर वेळ, समोरच्याचं नाव आणि तक्रार क्रमांक वहीत लिहिला. शिवाय त्याच दिवशी ईमेल पाठवत गेले: 'आज अमुक वाजता आपलं बोलणं झालं, आपण असं सांगितलंत.' त्या ईमेलना उत्तरं आली नाहीत, पण पाठवल्याची नोंद राहिली.

खातं गोठण्याआधी गेलेल्या पैशांबद्दल बँकेचं म्हणणं होतं की योग्य ओटीपी टाकला गेला, म्हणजे व्यवहार खातेदारानेच केला. तेव्हा आम्ही फोन कंपनीकडे एकच गोष्ट लेखी मागितली: नवं सिम कोणत्या तारखेला, किती वाजता चालू झालं. बराच पाठपुरावा करावा लागला, पण ते मिळालं. पैसे गेलेला प्रत्येक व्यवहार त्या वेळेनंतरचा होता. बँकेने पैसे परत केले.

फोन कंपनीकडून मात्र भरपाई मिळाली नाही. 'चोराला माहिती आमच्या कंपनीकडूनच मिळाली हे सिद्ध करा', असं त्यांनी लिहून दिलं. बुडालेले पैसे परत मिळणं आणि माहिती फोडू दिल्याबद्दल भरपाई मिळणं ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. कागदपत्रंही दोन्हींची वेगळी ठेवा.

काजवा

मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी काय फुटलं ते पाहा. पासवर्ड आणि कार्ड नंबर बदलता येतात. जन्मतारीख, आईचं माहेरचं नाव, आजारांची नोंद, बोटांचे ठसे बदलता येत नाहीत. पहिल्या प्रकारात एका दिवसात काम संपतं. दुसऱ्या प्रकारात बरीच वर्षं लक्ष ठेवावं लागतं, कारण चोरलेली माहिती अनेकदा उशिरा वापरली जाते. लोकांची धास्ती ओसरल्यावर तिचा उपयोग होतो.

सगळ्यांत आधी ईमेल खातं सुरक्षित करा. बाकी जवळपास प्रत्येक खात्याचा पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतो, त्यामुळे ईमेल गेलं की सगळं गेलं. पासवर्ड नवा करा, इतर उपकरणांवरून लॉगआऊट करा आणि 'फॉरवर्डिंग'चे नियम उघडून पाहा. तुमच्या ईमेलची प्रत गुपचूप दुसरीकडे पाठवणारा नियम कोणी घालून ठेवला असेल, तर नुसता पासवर्ड बदलून काही होत नाही. दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीसाठी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड तयार करणारं) किंवा पासकी (पासवर्डऐवजी उपकरणात साठवलेली डिजिटल किल्ली) वापरा. निळी शाई यांच्या वडिलांचा अनुभव हेच सांगतो.

आपला ईमेल पत्ता कुठल्या गळतीत आहे, ते 'हॅव आय बीन पोन्ड' या संकेतस्थळावर तपासता येतं. ट्रॉय हंट यांनी ते 2013 मध्ये सुरू केलं. तिथे पासवर्ड तपासायचीही सोय आहे. त्यात तुमच्या पासवर्डचा हॅश (त्यापासून गणिताने बनवलेला, उलटा वाचता न येणारा संकेत) काढून त्याची फक्त पहिली पाच अक्षरं पाठवली जातात, पासवर्ड तुमच्या संगणकाबाहेर जात नाही.

आणखी एक, आणि हे मी आवर्जून सांगतो. मोठी गळती जाहीर झाली की काही दिवसांत 'भरपाईसाठी इथे क्लिक करा' असे संदेश येतात. ते पाठवणाऱ्याकडे फुटलेली यादी असते, त्यामुळे तो तुमचं नाव, ग्राहक क्रमांक सगळं बरोबर सांगतो. भरपाई देण्यासाठी कोणालाही तुमचा ओटीपी लागत नाही, आगाऊ शुल्कही लागत नाही. पत्र खरं वाटलं तरी त्यातली लिंक न उघडता कंपनीचं संकेतस्थळ स्वतः टाइप करून खात्री करा.

चौकट

युरोपात राहतो. इथे जीडीपीआर हा माहिती संरक्षणाचा कायदा आहे, त्यामुळे माझा रस्ता बराच सोपा होता.

गळती झाल्याचं कळल्यापासून 72 तासांत कंपनीने नियामकाला कळवायचं असतं (कलम 33), आणि लोकांना मोठा धोका असेल तर त्यांनाही विनाविलंब (कलम 34). मी पहिलं पत्र कलम 15 खाली पाठवलं: माझी कोणकोणती माहिती तुमच्याकडे आहे, ती कोणाला दिलीत, आणि तिची प्रत द्या. यासाठी पैसे लागत नाहीत आणि साधारणपणे महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. आलेल्या उत्तरात, मी अनेक वर्षांपूर्वी बंद केलेल्या खात्याची माहितीही निघाली. ती अजून का ठेवली होती याचं कारण त्यांना देता आलं नाही. पुढचं सगळं प्रकरण त्या एका मुद्द्यावर उभं राहिलं.

भरपाई कलम 82 खाली मागता येते, आर्थिक नुकसान नसलं तरीही. युरोपीय न्यायालयाने 4 मे 2023 च्या निकालात सांगितलं की कायदा मोडला एवढंच दाखवून भरपाई मिळत नाही, नुकसान दाखवावं लागतं. पण ते अमुक इतकं गंभीरच हवं, अशी अट घालता येणार नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये, बल्गेरियाच्या कर खात्यातून फुटलेल्या माहितीच्या प्रकरणात, गैरवापर होईल ही रास्त भीतीसुद्धा नुकसान ठरू शकते असं म्हटलं. सुरक्षा पुरेशी होती हे सिद्ध करायची जबाबदारीही माहिती सांभाळणाऱ्यावर आहे.

रकमा मात्र लहान असतात. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये, माहितीवरचा ताबा जाणं हेच नुकसान आहे असं मान्य करताना, फेसबुकच्या प्रकरणात 100 युरोच्या आसपासचा आकडा सुचवला. माझं प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. रक्कम मोठी नव्हती, पण कंपनीने जुना साठा पुसून टाकल्याचं लेखी दिलं. मला तेच हवं होतं.

वाळूघड्याळ

अमेरिकेतून लिहिते. इथे पहिलं काम म्हणजे क्रेडिट फ्रीझ, म्हणजे आपली कर्जनोंद गोठवणं. इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या लोकांच्या कर्जनोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे वेगवेगळं करावं लागतं. 2018 पासून ते देशभर मोफत आहे. फ्रीझ असताना तुमच्या नावावर नवं कर्ज काढणं अवघड होतं.

भरपाईबद्दल इक्विफॅक्सचं प्रकरण वाचून ठेवण्यासारखं आहे. 2017 मध्ये सुमारे 14.7 कोटी लोकांची माहिती गेली, 2019 मध्ये तडजोड झाली. ज्यांच्याकडे आधीच क्रेडिट मॉनिटरिंग (कर्जनोंदीवर लक्ष ठेवणारी सेवा) होतं त्यांच्यासाठी 125 डॉलर रोख असा पर्याय होता, पण त्यासाठी फक्त 3.1 कोटी डॉलर राखलेले होते. इतके अर्ज आले की त्या पर्यायात पूर्ण रक्कम मिळणं शक्यच नव्हतं. पुरावा असलेल्या नुकसानासाठी मात्र 20,000 डॉलरपर्यंत मागणी करता येत होती. गेलेल्या वेळेसाठीही तासाला 25 डॉलर, जास्तीत जास्त 20 तासांचे.

म्हणून, खर्च झालेले तास लिहून ठेवा. कोणत्या दिवशी, कोणाशी, कशासाठी, किती वेळ. माझ्या प्रकरणात (कंपनी वेगळी) मला जे काही मिळालं ते त्या यादीमुळेच.

सावली

माझ्या समुपदेशनाच्या नोंदी फुटल्या. एवढंच सांगते.

फिनलंडमध्ये वास्तामो या मानसोपचार केंद्राच्या नोंदी चोरून 2020 मध्ये रुग्णांनाच खंडणीचे ईमेल पाठवले गेले. 2024 मध्ये आरोपीला सहा वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. ते वाचताना माझे हात थरथरत होते, पण आपण एकट्या नाही हेही तेव्हाच कळलं. त्या केंद्राचं मात्र दिवाळं निघालं. भरपाई ज्याच्याकडे मागायची तोच उरत नाही, असंही होतं.

मला धमकी आली तेव्हा पैसे दिले नाहीत, उत्तरही दिलं नाही. संदेश पुसले नाहीत, पोलिसांना दाखवले. आणि दोन जवळच्या माणसांना स्वतःहून सगळं सांगितलं. त्या दिवशी धमकीतली अर्धी ताकद गेली. डॉक्टरांकडे झोपेसाठी गेले, त्या भेटीची नोंद वकिलाने पुढे मानसिक त्रासाचा पुरावा म्हणून लावली.

कोरा कागद

भारतातलं विचारणाऱ्यांसाठी: 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जमा होतो, पीडिताला मिळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 43अ पीडिताला भरपाई देणारं, पण नव्या कायद्यात तेच वगळण्याची तरतूद आहे. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. ज्याचं नुकसान झालं, त्याच्या हातात काहीतरी पडायला हवं.

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार. सावली, तुम्ही लिहिलंत याबद्दल विशेष. ईमेलचे नियम तपासले, नोंदवही सुरू केली आणि माझी कोणती माहिती आहे हे विचारणारं पत्र आजच पाठवलं.

एक प्रश्न उरला आहे. कंपनीने वर्षभराचं मोफत मॉनिटरिंग देऊ केलं आहे. ते घेतलं तर पुढे भरपाई मागायचा हक्क जातो का?

चौकट

नुसतं मॉनिटरिंग घेतल्याने सहसा जात नाही. पण अटी पूर्ण वाचा. 'पूर्ण व अंतिम तडजोड' किंवा 'यापुढे कोणताही दावा करणार नाही' अशा अर्थाची ओळ असेल, तर सही करू नका, आधी वकिलाला दाखवा. अटींची प्रत आजच्या तारखेसह जपून ठेवा, संकेतस्थळावरचा मजकूर नंतर बदलू शकतो.