‘अस्सल’ आमटी नेमकी कोणाच्या घरची?

पेठकर
चिंच, गूळ आणि गोडा मसाला या तिन्हींचा मेळ असला तरच त्या पदार्थाला मराठी आमटी म्हणावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याखेरीज जे होते ते फार तर फोडणीचे वरण. हल्ली जो तो आपापल्या गावच्या पातळ कालवणाला आमटी म्हणू लागल्यामुळे नव्या पिढीला मूळ चवच ठाऊक उरलेली नाही.

गोदाकाठ
हे वाचून दोन दिवस गप्प राहण्याचा प्रयत्न केला, पण जमले नाही. आमच्या बीड-लातूरच्या पट्ट्यात लग्न ठरले की घरात येसराची तयारी सुरू होते. धान्ये, डाळी, धणे आणि सुके खोबरे वेगवेगळे भाजून त्यांचे मसालेदार पीठ केले जाते, आणि पंगतीमागून पंगत उठली तरी न संपणारी आमटी त्या पिठाच्या दाटपणावर उभी राहते. आमच्या घरच्या येसर आमटीत गूळ नसतो, गोडा मसाला तर नसतोच, तरीही तिला आमच्या पणजीच्या काळापासून आमटीच म्हणतात. जेथे पावसाचा भरवसा नाही तेथे डाळ पुरवून वापरावी लागते, आणि भाजलेल्या पिठाने रस्सा वाढवणे हे त्या टंचाईतून आलेले शहाणपण आहे, असे मी मानतो. आपल्या चार गल्ल्यांतील चव आधी छापली गेली, एवढ्याने ती मूळ ठरत नाही.

आमसूल
चिंच हीच मूळ, हे कोणी ठरवले? आमच्या रत्नागिरीच्या घरात आमटीला आंबटपणा येतो तो आमसुलाने, आणि वर ओले खोबरे पडते. पेठकरांनी एक लक्षात घ्यावे. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि पुढे कोकणातील कितीतरी कुटुंबे घाट चढून पुण्यास आली. ज्या स्वयंपाकाला आपण पुणेरी म्हणून मिरवता, त्यात या घाट चढून आलेल्यांचा वाटा थोडाथोडका नाही. बहुधा वर आल्यावर आमसूल सहज मिळेना, म्हणून चिंच आली असावी.

पेठकर
इतिहासच काढायचा असेल तर पुरता काढावा. ज्या तिखटाच्या बळावर बाकीची मंडळी आम्हा पुणेकरांना ‘गोडघाशे’ म्हणतात, ती मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांवरून आली, आणि पोर्तुगीजांनी गोवे घेतले ते १५१० मध्ये. त्यापूर्वी आपल्या पूर्वजांच्या ताटातला झणका मिरे आणि पिंपळी यांचा होता. तेव्हा परंपरेच्या गप्पा जपून माराव्यात.

रंकाळा
मिरचीचे मान्य आहे. पण ज्या गुळावर आपली आमटी तरते तो आमच्या गुऱ्हाळांतून जातो, आणि आम्ही स्वतः मात्र कटाच्या आमटीतही कांदा-लसूण मसाला घालतो. गूळ करणाऱ्याला तो कोठे घालू नये हेही कळते.

दोन्हीघरची
मिरची आणि पेशवे झाले असतील तर मी एक विचारते. आपण सारे ‘आमच्या घरची चव’ म्हणता, ती घरात शिजवली कोणी? माझे माहेर जळगावचे आणि सासर पुण्याचे. लग्नानंतर आठवड्याभरातच मी कांदा-खोबरे काळपट भाजून, लसूण वाटून आमटी केली, तेव्हा सासऱ्यांनी काही न बोलता वाटी बाजूला सरकवली. दुसऱ्या दिवसापासून मी गूळ घालू लागले, आणि त्याला आता बावीस वर्षे झाली. माझा मुलगा वसतिगृहातून फोन करून सांगतो, की आईच्या हातच्या आमटीची आठवण येते. ती चव माझी नाहीच. मला ती शिकावी लागली. आणखी एक सांगते. माझ्या सासूबाईंचे माहेर सोलापूरचे, हे मला लग्नानंतर नऊ वर्षांनी कळले, कारण त्या घरात शेंगांची चटणी कधी झालीच नव्हती.

गोदाकाठ
ताई, आपल्या भावना समजतात, परंतु चर्चा आमटीच्या पाककृतीविषयी चालली आहे.

दोन्हीघरची
चर्चा त्याच विषयावर आहे. तो येसर आपल्या घरी कोण भाजते, आणि तिच्या माहेरी काय भाजत असत, हे आपण कधी विचारले आहे का?

गोदाकाठ
विचारले नाही. आमची मंडळी नगरची आहेत. आज रात्री विचारतो. यावर आणखी काही ऐकवायचे असेल तर एकदाच ऐकवा.

आमसूल
हा दोष सासरच्यांचाच, असे नाही. माझ्या बायकोने आमच्याकडे येऊन आनंदाने नारळ स्वीकारला.

दोन्हीघरची
हे तिने लिहिले असते तर मी विश्वास ठेवला असता.

वेशीबाहेर
दोन्हीघरचींचे म्हणणे पटले, पण माहेर आणि सासर या दोन्हींकडे रोज तूरडाळ शिजत होती, हे त्यांनीही गृहीत धरले आहे. माझ्या आजीकडे डाळ सणाला शिजे. एरवी अंबाडीची भाजी, कण्या आणि वाळवलेल्या मांसाच्या चान्या असत, आणि त्या चान्यांचा वास शाळेच्या डब्यातून येऊ नये म्हणून आई मला कोरडी भाकर देई. त्या कालवणाला आमटी म्हणावे की वरण, हे कोणी आम्हांला विचारायला आले नाही. पेठकरांनी ‘मराठी’ हा शब्द मोजून वापरावा, एवढेच सांगतो.

पेठकर
ठीक आहे, ‘मराठी’ हा शब्द मी मागे घेतो आणि ‘आमच्या घरची’ असे म्हणतो, म्हणजे सर्वांचे समाधान होईल. अर्थात दोन्हीघरचींचे समाधान त्यानेही होणार नाही, हे ओळखून मी काल आईला फोन केला आणि तिच्या माहेरी, म्हणजे मिरजेस, आमटी कशी करीत असे विचारले. ती क्षणभर थांबली, “तुला हे आत्ता सुचले का?” असे म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला. गोड्या मसाल्याविषयीचे माझे मत मात्र बदललेले नाही.