मदत हवी आहे: युगांडातील स्वयंसेवक प्रशिक्षणाचे पहिले दिवस

सर्वांना नमस्कार. मी नागपूरच्या एका रुग्णालयात परिचारिका असून लवकरच आरोग्य स्वयंसेविका म्हणून युगांडाला जाणार आहे. सुरुवातीचे प्रशिक्षण कंपाला येथे होईल आणि त्या काळात एका स्थानिक कुटुंबात राहायचे आहे.

कागदपत्रे मार्गी लागली आहेत. तिथे प्रवेशासाठी पीतज्वराची लस किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते, आणि परतताना त्या लसीचे प्रमाणपत्र जवळ नसेल तर भारतात 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते, म्हणून ते प्रमाणपत्र, म्हणजे पिवळे कार्ड, मी पासपोर्टसोबतच ठेवले आहे.

खरी काळजी घरातल्या वावराची आहे. मी शाकाहारी आहे. केळीच्या पानांत वाफवून कुस्करलेली हिरवी केळी, म्हणजे मटोके, आणि सोबत शेंगदाण्याचे कालवण तिथे घरोघरी असते, हे वाचून धीर आला. परंतु यजमान काकूंनी पाहुणीसाठी मुद्दाम कोंबडी शिजवली, तर त्यांचे मन न दुखवता नकार कसा द्यावा? संस्थेमार्फत आधीच कळवणे बरे, की स्वतः समोर बसून सांगणे?

दुसरे असे, की दिवसभर वर्ग, संध्याकाळी लुगांडा भाषेचा अभ्यास आणि रात्री अनोळखी घर, हे सारे एकदम अंगावर आल्यावर थकवा प्रशिक्षकांजवळ मोकळेपणाने बोलून दाखवावा का? कंपाला सुमारे 1,200 मीटर उंचीवर असल्याने आपल्यासारखा उन्हाळा नसतो. तेव्हा रात्रीसाठी स्वेटर लागेल का, हेही सांगावे.

आफ्रिकेत असे प्रशिक्षण घेतलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.