मदत हवी आहे: 'असिस्टंट मॅनेजर' मोठा की 'सिनियर असोसिएट'? (बेंगळूर की पुणे)

नमस्कार मंडळी. सीए होऊन दोन वर्षं झाली. आर्टिकलशिप (सीएची प्रशिक्षणाची उमेदवारी) बेळगावात टिळकवाडीतल्या एका फर्ममध्ये केली. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, चिकोडीकडचे साखर कारखाने, असली कामं. आता दोन मोठ्या फर्म्सची ऑफर लेटर्स हातात आहेत आणि शुक्रवारपर्यंत कळवायचंय. पत्रांवर 'गोपनीय' आहे म्हणून नावं लिहीत नाही.

बेंगळूर: असिस्टंट मॅनेजर, सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) १३.५ लाख. त्यात जॉइनिंग बोनस १ लाख, व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारी रक्कम) १.५ लाख. बेसिक ५ लाख. कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही यातच धरलीय.

पुणे: सिनियर असोसिएट, १२ लाख. बेसिक ४.८ लाख, पीएफ आत, ग्रॅच्युइटी आणि व्हेरिएबल वेगळं.

घरचे सगळे बेंगळूरच्या बाजूने. बाबांची नोकरी पतसंस्थेत गेली. तिथं मॅनेजर म्हणजे काचेची केबिन नि सहीचा शिक्का. सिनियर असोसिएट त्यांना वरचा क्लार्क वाटतो. निपाणीच्या मामांनी तर ग्रुपवर अभिनंदनही टाकलं, 'असिस्टंट' गाळून! कन्नड येतंय, त्यामुळे तिकडं राहायची अडचण नाही. पण ही दोन पदं एकाच पायरीवरची आहेत का? आणि हातात जास्त कुठं पडेल?

ताळेबंद:
पदाचं नाव सोडा, 'मॅनेजर' किती पायऱ्या लांब ते मोजा. तिथपर्यंतची नावं प्रत्येक मोठ्या ऑडिट फर्मची निराळी. पीडब्ल्यूसीत साधारण असोसिएट, सिनियर असोसिएट, मग मॅनेजर. केपीएमजीत कन्सल्टंट, असिस्टंट मॅनेजर, मॅनेजर. डेलॉइटच्या इथल्या ऑडिटमध्ये असिस्टंट मॅनेजरनंतर डेप्युटी मॅनेजर येतो, मग मॅनेजर. म्हणजे तेच 'असिस्टंट मॅनेजर' एकीकडे एक पायरी खाली, दुसरीकडे दोन. एचआरला सरळ विचारा: पुढचं पद कुठलं, आणि माझ्या बॅचचे लोक किती वर्षांनी तिथं पोचतात?

आता हिशोब. बेंगळूरच्या १३.५ मधून बोनस आणि व्हेरिएबल काढलं की ११ लाख. बेसिकच्या १२ टक्के पीएफ ६०,००० आणि ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी २४,०५० वजा करा. महिन्याला ८४,६०० च्या आसपास. त्यातून तुमचा पीएफ ५,००० आणि व्यवसाय कर २०० गेला की साधारण ७९,४००, इन्कम टॅक्सच्या आधी. पुण्याचं याच रीतीने ९०,२०० येतं. भाडं तुमचं तुम्ही बघा.

खानापूरचा:
पत्रावर कुणाचं नाव आहे तेही बघा. ईवायचं इथलं ऑडिट एस. आर. बाटलीबोईच्या नावाने चालतं, केपीएमजीचं बीएसआरच्या. जीडीएस (ईवाय), केजीएस (केपीएमजी) किंवा यूएसआय (डेलॉइट) अशा केंद्राचं नाव लिहिलेलं असेल तर काम परदेशातल्या फर्म्ससाठी; तिथली पगाराची आणि पदांची शिडी वेगळी. इथल्या ऑडिटमध्ये राहून पुढं पार्टनर व्हायचं डोक्यात असेल तर हा फरक मोठा. मार्चएंडनंतरची धावपळ नको असेल तर तोही विचार करा, अमेरिकन क्लायंटचा सीझन जानेवारी ते मार्च असतो.

धागाकर्ती:
ताळेबंद, आभारी आहे, हा आकडा मी काढलाच नव्हता. बेंगळूरच्या पत्रात फर्मचंच नाव आहे, केंद्राचं नाही. पुढचं पद 'डेप्युटी' असल्याचं आत्ताच फोनवर कळलं. आणखी एक: वर्षाच्या आत सोडलं तर जॉइनिंग बोनस परत, आणि तिथं 'ग्रॉस' लिहिलंय. म्हणजे किती?

ताळेबंद:
पूर्ण एक लाख. टॅक्स कापून तुमच्या हातात कमीच आलेले असतील, तरीही. हे कलम 'नेट', म्हणजे हातात आलेत तेवढेच परत, असं करून द्या म्हणून मेल टाका. नाही म्हणाले तर तो बोनस हिशोबात धरूच नका.